सहीची साडी

"आधी साडी बघ आई. आवडली का सांग, मग निघू बँकेत."

पिंटूने पिशवीतून साडी काढून आईच्या मांडीवर ठेवली. मोरपंखी रंग, जरीचे काठ, घडी अजून न मोडलेली. मग त्याच पिशवीतून प्लास्टिकचं एक फोल्डर निघालं, फोल्डरमधून बँकेचा फॉर्म निघाला आणि तो साडीवर येऊन बसला. फॉर्मवर पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या होत्या. सही कुठे करायची ते आईला शोधावं लागू नये, एवढी काळजी मुलाने घेतली होती.

शालनबाईंनी साडीवरून हात फिरवला नाही. "कसला कागद हाय ह्यो?"

"काय नाय गं. तुझ्या खात्याला माझं नाव जोडायचं आणि नंबर माझा टाकायचा. म्हंजे मेसेज माझ्याकडं येतील. तुझ्या डोक्याला ताप नको."

"आन् मपला फोन?"

"तुला बटनाचा आणतो की. बोलायला तो बी चालतो."

शालनबाईंचा फोन फ्रिजवर होता. परवा द्वारकेहून त्या परतल्या त्याच संध्याकाळी पिंटूने तो त्यांच्या हातातून घेतला आणि फ्रिजवर लोणच्याच्या बरणीमागे सारला. त्यांचा हात तिथवर पोहोचत नव्हता. लहान पोराकडून काडेपेटी काढून घ्यावी तसा सगळा प्रकार. आणि ज्या बाईचा फोन काढून घेतला ती साठी उलटलेली, बारा खोल्यांची मालकीण होती. तिचा नवरा नानासाहेब समोरच्या खुर्चीत बसून चहात बिस्कीट बुडवत होता. सून पूनम ओट्याशी पाठमोरी उभी होती.

साडी आणि सही एकाच पिशवीतून आली की काय होतं, ते शालनबाईंना पक्कं माहीत होतं. त्यांचं माहेर चिखलीचं. तिकडच्या जमिनीला भाव आला तेव्हा भावांनी तिघी बहिणींना मानाने जेवायला बोलावलं. पुरणपोळ्या झाल्या, प्रत्येकीला नवी साडी नेसवली, आणि त्याच नव्या साडीत तिघींना जीपमध्ये घालून रजिस्टर कचेरीत नेलं. हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या. बाहेर पडताना धाकटीने विचारलं होतं, "अक्का, आपन नेमकं काय सोडलं गं?" शालनबाईंनीच तिला गप्प केलं. भावांशी वाकडं नको. त्या पट्ट्यात लेकींनी सही करायची हीच रीत होती, अजूनही आहे. जी करत नाही तिला दिवाळीला बोलावणं येत नाही. ती साडी शालनबाई एकदाच नेसल्या. पुढे कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली.

त्यांनी फॉर्म आणि साडी बाजूला ठेवली आणि उठल्या. "चल. बँकंत तर जायाचंच हाय. गोठवल्यालं खातं मोकळं कराया पायजे."

"साडी नेस की. नवी आहे," फॉर्म परत फोल्डरमध्ये घालत पिंटू म्हणाला.

"नगं."

चप्पल घालताना पूनम मागून आली. तिने सासूच्या पर्समध्ये काहीतरी सरकवलं आणि हळूच म्हणाली, "आत्या, असू द्या जवळ." मग ती लगेच आत गेली. पर्स हाताला जड लागली. पूनमचा हात फ्रिजवर पोहोचत होता.

कुरुळीहून चाकण म्हणजे एरवी गाडीने हाकेचं अंतर, पण पुणे-नाशिक रोडवर शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसा, कंटेनर आणि दुचाक्या अशा काही एकमेकांत अडकतात की चालत गेलेला माणूस आधी पोहोचतो. पिंटूची पांढरी गाडी त्या गर्दीत उभी होती. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: आईचा आशीर्वाद. काचेवर आईला जागा होती, फक्त तिचं खातं एकट्या तिच्या नावावर नको होतं.

ते खातं तरी शालनबाईंच्या नावावर कसं आलं, याचीही गंमतच आहे. कंपन्यांसाठी जमीन गेली तिचे पैसे नानासाहेबांच्या आणि पिंटूच्या खात्यात गेले. त्यातून रस्त्याकडचा एक तुकडा विकत घेतला, तो तेवढा शालनबाईंच्या नावावर झाला. त्यात प्रेमाचा किंवा विश्वासाचा काही भाग नव्हता. बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्यूटी थोडी कमी लागते, असं एजंटने सांगितलं होतं. पण नाव लागलं ते लागलं. शालनबाईंनी त्या तुकड्यावर एकेक करत खोल्या बांधल्या, समोर पाण्याची टाकी बांधली, बोअर घेतली. कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी थेट बिहारचा असे भाडेकरू आले. त्यांच्या शिफ्टा, त्यांची भांडणं, त्यांच्या बायकांची बाळंतपणं शालनबाईंना तोंडपाठ. भाडं चुकवून पळालेलेही आठवतात आणि गावी गेल्यावर तिळाचे लाडू धाडणारेही.

आधी त्या भाडं रोख घेत आणि बँकेत जाऊन आपल्या खात्यात भरत. मग बँकेतल्या एका माणसाने खिडकीतून सांगितलं, "मावशी, एवढ्यासाठी कशाला रांगेत उभ्या राहता? मोबाईलवर करा. आम्हालाही गर्दी कमी." दोनतीनदा असं ऐकून घ्यावं लागल्यावर शालनबाईंनी मनावर घेतलं. खोली क्रमांक चारमधल्या अनिसने त्यांना सगळं शिकवलं. अनिस मोटारी आणि पंप दुरुस्त करायचा, चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये. त्याने भिंतीवर भाड्याचा क्यूआर लावून दिला. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे त्याने एवढ्यांदा सांगितलं की शालनबाई ते झोपेत बडबडतील. त्यांनी ओटीपी कधी कुणाला सांगितलाही नाही. नवऱ्याने विचारला तरी नाही.

हे सगळं घरात कुणाला आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की आईचे पैसे गेले.

पैसे गेले ते असे. कुरुळीच्या बायकांची द्वारका-सोमनाथची सहल होती, ट्रॅव्हल्सच्या बसने. सुरत मागे टाकल्यावर बस हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलसमोर थांबली. तिथे शालनबाईंना अनिसचा फोन आला.

"मावशी, बोअरची मोटर जळाली. वाइंडिंग गेलंय, आता नवीनच टाकावी लागते. दुकानदार आधी पैसे मागतोय. टाकीत पाणी नाही, बायका बादल्या घेऊन बसल्यात."

मे महिना. बारा खोल्या, लहान पोरं, त्यात तीन नंबरमधली सादिका दिवस भरत आलेली. पाण्याला खाडा होणार नाही, हा शालनबाईंचा शब्द होता. खोली देताना त्या दुसरं काही सांगत नसत, हे सांगत. "धाडते लगेच," म्हणाल्या आणि फोन उघडला तर नेट चालेना. रिचार्ज आदल्या रात्रीच संपला होता. सोबतची मैत्रीण आम्रपाली बाथरूमच्या रांगेत. बसवाला हॉर्न मारायला लागलेला. इतक्यात फोनवर वायफायचं नाव दिसलं. हॉटेलचंच नाव, पुढे फ्री.

त्यांनी ते लावलं. इथे पुढची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण घरात ती कुणी समजून घेतली नाही. शालनबाईंचे सासरे उन्हाळ्यात नाशिक रोडला पाणपोई चालवत. दोन रांजण, वर ओली फडकी, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. येणाऱ्याने प्यायचं आणि पुढे जायचं. खोल्या झाल्यावर भाडेकरूंनी इंटरनेट मागितलं, तेव्हा शालनबाईंनी कनेक्शन घेतलं आणि वायफायचा पासवर्ड टाकीशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून टाकला. त्यांच्या मनात ते पाणपोईच्याच जागी होतं. दारात आलेल्याला पाणी द्यावं तसं हल्ली वायफाय देतात, एवढंच. त्यात कुणी विष कालवून रस्त्याकडेला ठेवेल, हे त्यांच्या डोक्यात यायला जागाच नव्हती.

आधी एक पान उघडलं. नंबर मागितला, नंबरावर आलेला आकडा मागितला. मग त्या पानाने सांगितलं, नेट हळू आहे, हे ॲप घ्या. ते घेतलं. ॲपने मेसेज वाचू का विचारलं, त्या घाईत होय म्हणाल्या. मग बँकेसारखंच दिसणारं पान आलं, त्यात त्यांनी आपला ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड टाकला. गोल गोल फिरत राहिलं आणि बंद पडलं. अनिसला काही गेलं नाही. बसमध्ये बसल्यावर मेसेज आले, एकामागून एक दोन, पैसे गेल्याचे. दोन महिन्यांचं भाडं. अनोळखी नावाला.

शालनबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी आम्रपालीचा दंड धरला आणि मेसेज दाखवला. आम्रपाली अंगणवाडीतून निवृत्त झालेली, बैठकांमध्ये असल्या सूचना ऐकून ऐकून तयार झालेली. तिने आपल्या फोनवरून ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, एकोणीसशे तीस, लावला, तक्रार नोंदवली, मग बँकेचा नंबर लावून खातं गोठवायला लावलं. बस भरूचला पोहोचायच्या आत हे झालं होतं. बँकेच्या नंबरवरचा माणूस सारखं विचारत होता, "माताजी, आपने खुद ही डाला है ना?" आम्रपालीने नंतर त्या हॉटेललाही फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे वायफाय नाहीच. कुणीतरी पार्किंगमध्ये गाडीत बसून हॉटेलच्या नावाने ते लावलं होतं आणि बसामागून बसा गिळत होतं.

इकडे अनिसने कुणाची वाट पाहिली नाही. स्वतःच्या खिशातून मोटर आणली आणि संध्याकाळी पाणी सुरू केलं. परत आल्यावर शालनबाईंनी आधी त्याचे पैसे चुकते केले, घरातल्या रोकड्यातून.

आणि घरी आल्यावर काय? चूक झाली, हे त्यांना मान्यच होतं. त्या सांगायलाही आल्या होत्या की हे असं झालं, तुम्ही जपा. पण पिंटूने ऐकून घेतलं नाही. तो हसला. "आई, तुला कुनी सांगितलं होतं गं फुकटचं वायफाय लावायला? आता वय झालं, राव." नानासाहेब म्हणाले, "जाऊ दे, बाईमानसाला कुठं कळतं त्यातलं." आणि फोन फ्रिजवर गेला.

गाडी चाकणच्या चौकात अडकली होती तेव्हा शालनबाईंना गेली दिवाळी आठवत होती. पिंटू तेव्हा फोनवरच्या कसल्यातरी ग्रुपमध्ये शिरला होता. शेअर दुप्पट करून देणारे कुणी साहेब होते, रोज स्क्रीनवर नफा दाखवायचे. त्यात जमिनीच्या पैशातला मोठा भाग गेला आणि पूनमचे तोडेही गेले. शालनबाईंच्या दोन महिन्यांच्या भाड्याची त्यापुढे काय कथा. तेव्हा घरात काय झालं होतं? नानासाहेब म्हणाले होते, धंद्यात वरखाली व्हायचंच. तोड्यांचा विषय कुणी काढायचा नाही असं ठरलं, आणि पूनमने तो काढला नाही. पिंटूचा फोन कुणी काढून घेतला नाही. उलट महिन्याभराने त्याने नवा घेतला. त्याचं गेलं तर तो अनुभव आणि आईचं गेलं तर ते वय, असा या घरातला हिशेब होता. शालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे, त्या सिग्नलला.

बँकेतल्या मॅडम तरुण होत्या. कॉम्प्युटरवरून नजर न काढता त्यांनी पिंटूने दिलेला फॉर्म उलटसुलट केला आणि पेनासह परत सरकवला. "सह्या राहिल्यात. जिथं फुली आहे तिथं."

"आई, कर," पिंटू म्हणाला. "मॅडम, जरा लवकर होईल का? पार्किंग रस्त्यावर केलंय."

शालनबाईंनी पेन घेतलं नाही. "बाई, मला एक सांगा. ह्या कागदानं गेल्यालं पैसं माघारी येत्यात का?"

"नाही. ती तक्रार वेगळी आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथं काही रक्कम अडकलीय, ती मिळेल कदाचित. वेळ लागेल."

"मंग ह्यानं काय व्हतंय?"

मॅडमनी एकदा पिंटूकडे बघितलं. "ह्यानं तुमचे ओटीपी मुलाच्या नंबरवर जातील. ते व्यवहार करू शकतील."

"आन् मी?"

"तुम्ही पण करू शकाल. चेकनं, इथं येऊन. मोबाईलवरून नाही."

"भाडं आलं का न्हाई, ते मला कसं कळायचं?"

"मी सांगीन की," पिंटू म्हणाला. "मॅडम, तिला काय कळत नाय त्यातलं. तुम्ही पुढं घ्या."

मॅडमना पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि त्यांनी तो सवयीने विचारला. "फोन साफ करून घेतला ना? ते ॲप काढलं?"

"फोन काढूनच घेतलाय आईकडून," पिंटू म्हणाला. "घरी फ्रिजवर ठेवलाय. विषयच नाय."

शालनबाईंनी पर्स उघडली आणि फोन काढून टेबलावर ठेवला. पिंटू बघतच राहिला. मॅडमनी बटण दाबलं. पडदा लगेच उजळला. वर एका कोपऱ्यात ते ॲप तसंच होतं.

मॅडमनी पहिल्यांदा कॉम्प्युटर सोडून समोर बघितलं. "हा बंद केला नव्हता? घरी वायफाय आहे?"

"आहे की," पिंटू म्हणाला. "हायस्पीड."

"मग हा तेव्हापासून घरच्या वायफायला लागून चालूच होता. सिमवर येणारा प्रत्येक मेसेज हे ॲप पुढं पाठवत असणार. खातं गोठवलेलं होतं म्हणून वाचलं. आधी बंद करा तो. दुकानात नेऊन पूर्ण पुसून घ्या, तोवर चालू करू नका."

शालनबाईंनी स्वतः बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. त्यांचा आवाज वाढला नाही, पण शेजारच्या खिडकीतल्या रांगेला तो ऐकू गेला.

"म्हंजे मपल्या हातातनं काढला आन् चोराच्या हातात तसाच ठिवला."

"आई, इथं नको."

"हितंच. साडी घिऊन सही मागायला हितंच आनलंस न्हवं मला? गेल्या दिवाळीत तुझं गेलं तवा तुझा फोन कुनी फ्रिजवर ठिवला? तुझ्या बायकोचं तोडं गेलं, ती एका शब्दानं बोलली न्हाई. मी बी न्हाई. म्हनलं चुकलं पोराचं, शिकंल. मपलं चुकलं तर मला शिकू द्यायाचं न्हाई व्हय? मी चिखलीला एकदा साडी घिऊन सही केली. आता न्हाई करायची. मपलं खातं हाय ते. मपल्याच नंबरावर ऱ्हाईल."

पिंटूचं तोंड लाल झालं. रांगेतले दोघंतिघं दुसरीकडे बघायला लागले. तो उठला, फोल्डर काखेत मारलं. "बघ तू तुझं मग. नंतर माझ्याकडं येऊ नको," एवढं बोलून तो काचेच्या दारातून बाहेर गेला. थोड्या वेळाने बाहेर त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. तो आईसाठी नव्हता, पुढच्या रिक्षासाठी होता.

मुलगा असा तडकून जाईल, हे शालनबाईंना येतानाच ठाऊक होतं. तरी तो एकुलता एक मुलगा. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "खातं मोकळं कराया कुठं सही लागती ती सांगा."

सगळं व्हायला तासभर लागला. शेजारच्या दुकानात फोन पुसून झाला. नवा पासवर्ड पडला, दिवसाला किती रक्कम जाऊ शकेल त्याला मर्यादा लागली. मॅडम आता जरा नीट बोलत होत्या. बाहेरगावी गेल्यावर बँकेचं काम फोनच्या स्वतःच्या नेटवरच करायचं. फुकटच्या वायफायवर नाही, हॉटेलातल्या नाही, स्टेशनवरच्या नाही. नेट नसेल तर ज्याची ओळख आहे त्याच्या फोनवरून नेट घ्यायचं, नाहीतर थांबायचं. वायफायच्या पानाने ॲप घ्यायला सांगितलं की ते पान तिथेच बंद करायचं. ओटीपी माणसाला सांगायचा नाही, तसाच अनोळखी पानातही टाकायचा नाही. प्रवासाला निघताना दुसऱ्या छोट्या खात्यात वाटखर्चापुरते ठेवायचे आणि मोठ्या खात्याला वाटेत हात लावायचा नाही.

शालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आधी का न्हाई सांगितलं? तुमच्याच मानसानं मला रांगेतनं काढून फोनवर घातली. तवा ह्यातलं एक अक्षर कुनी बोललं न्हाई."

"बाहेर पोस्टर आहे ना," मॅडम म्हणाल्या.

जाताना शालनबाईंनी पोस्टर बघितलं. ते वॉटर कूलरच्या मागे होतं आणि इंग्रजीत होतं.

परत येताना त्या शेअर रिक्षाने आल्या आणि घरी न जाता आधी खोल्यांवर उतरल्या. टाकीखाली बायकांची धुणी चालली होती. नवी मोटर आवाज न करता चालत होती. अनिस सुट्टीवर होता, टाकीजवळ दाढी करत बसला होता. त्यांना पायी आत येताना बघून उठला.

"मावशी, पिंटूशेठ नाही आले सोडायला?"

"न्हाई. तुझ्याकडं मार्कर हाय का रे, तो काळा?"

भिंतीवर जिथे वायफायचा पासवर्ड लिहिलेला होता, त्याच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लांबून वाचता येत होतं. 'बाहेर कुठेबी फुकटच्या वायफायवर बँक उघडू नका. माझे पैसे गेले. शालनबाई.'

अनिस वाचून म्हणाला, "मावशी, शेवटचं लिहायचं होतं का? तुमचे गेले ते."

"त्याबिगर कोन ऐकतंय," शालनबाई म्हणाल्या.

घरी पोहोचल्या तेव्हा नानासाहेब त्याच खुर्चीत होते. पिंटूची गाडी दारात नव्हती. "पोरगं जेवायला आलं न्हाई," नानासाहेब म्हणाले. "फोन करून बोलाव त्याला. तुझंच ऐकंल."

"तुमी करा. तुमचा फोन तर कुनी काढून घेतला न्हाई."

नानासाहेबांनी खिशात हात घातला आणि तसाच काढून घेतला. शालनबाई स्वयंपाकघरात गेल्या. पूनमने ताटं वाढली होती, दोघींचीच. मोरपंखी साडी सकाळच्या जागीच सोफ्यावर होती, अजून पिशवीच्या घड्या पडलेली. शालनबाईंनी ती उचलली आणि फ्रिजपाशी आल्या. हात पोहोचत नव्हता. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि चढायला लागल्या. स्टुलाचा एक पाय हलत होता.

पूनम हात पुसत आली. तिने खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं, आणि शालनबाईंनी साडी लोणच्याच्या बरणीमागे सारून ठेवली.